बिनसाखरेचे लाडू आणि सावंतवाडीची विहीण

माझ्या मुलाचं ठरत आलेलं लग्न बिनसाखरेच्या लाडवांमुळे मोडता मोडता राहिलं. साखरेच्या लाडवांनी कुणाचं लग्न मोडल्याचं आजवर माझ्या ऐकिवात नाही.

सुरुवात झाली माझ्या रक्तात साखर सापडली तिथून. मी देवबागच्या शाळेत शिकवते. आमचे डॉक्टर साधे. रिपोर्ट बघून म्हणाले, "बाई, भात अर्धा करा, गोड सोडा, संध्याकाळी किनाऱ्यावर चाला. मासे पोटभर खा." झालं! मला हे मुळीच पटलं नाही. एवढा मोठा आजार आणि त्यावर किनाऱ्यावर चाला? (किनाऱ्यावर तर आमच्याकडे गुरंसुद्धा चालतात.) मी लगेच ठाण्याच्या मावसबहिणीला फोन लावला. तिला मोबाइलवरून जगातलं सगळं कळतं.

"अगं, डॉक्टरांचं काय ऐकतेस! लो-कार्ब कर, लो-कार्ब! पीठ, बिस्किटं, चॉकलेट, सगळं मिळतं आता साध्या सुपरमार्केटमध्ये."

फोन ठेवून मी घरात जाहीर केलं, "आजपासून आपण लो-कार्ब."

आमचे हे होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. जगातल्या कुठल्याही बिघाडाचं मूळ कार्बोरेटरमधल्या कचऱ्यात असतं, असं त्यांचं ठाम मत आहे. ते हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "लो-कार्ब? म्हणजे कार्बोरेटर खाली बसवचो? मगे पेट्रोल कसा चढतला?"

"खाण्यातलं कार्ब ओ! भात, चपाती, साखर!"

"मगे सरळ सांग ना उपाशी रवतंय म्हणान."

तर पुढच्याच रविवारी आम्ही कुडाळला गेलो. तिथे नवीन सुपरमार्केट उघडलं होतं. आत थंडगार हवा, चकचकीत फरशी आणि ढकलायच्या गाड्या. ह्यांनी गाडी हातात आल्याबरोबर ती तिथल्या तिथे उलटी करून चाकं तपासली आणि दारातल्या सुरक्षारक्षकाला सुनावलं, "एक चाक जाम आसा. ग्रीस लावा." मी ह्यांना ओळखत नसल्यासारखी चार पावलं पुढे गेले आणि गणवेशातल्या मुलीला शुद्ध मराठीत विचारलं, "लो-कार्ब कुठे मिळेल?"

"कार्पेट वरच्या मजल्यावर, मॅडम."

शेवटी ते आरोग्याचं फडताळ मीच शोधून काढलं. एका बाजूला फिनेल, दुसऱ्या बाजूला कुत्र्यांचा खाऊ, आणि मध्ये आरोग्य! वह्या तपासायची सवय असल्यामुळे मी एकेक पाकीट हातात घेऊन तपासायला लागले, आणि सांगते, इतक्या खोटारड्या वह्या मी उभ्या नोकरीत पाहिल्या नाहीत. एका बिस्किटाच्या पुड्यावर गव्हाची लोंबी, उगवता सूर्य आणि हसरा शेतकरी. मागे उलटून बघावं तर पहिलं नाव मैद्याचं, दुसरं साखरेचं! दुसऱ्या पुड्यावर मोठ्या अभिमानानं छापलेलं, 'साखर नाही, फक्त गूळ'. म्हणजे चोराला हाकलून त्याच्या सख्ख्या भावाला कामावर ठेवलेलं! तिसऱ्यात ओट्स होते म्हणे. मी एक पुडा उजेडाकडे धरून पाहिला. पाकिटावरच्या चित्रात जितके ओट्स होते तितकेही आत नसावेत.

"गो, हय बघ," हे पलीकडून ओरडले. सगळं दुकान वळून बघायला लागलं. "ह्या कुत्र्याच्या बिस्किटात साखर अजिबात नाय! माणसांपेक्षा कुत्र्यांचो डॉक्टर बरो दिसता."

मी त्यांना ओढत बर्फाच्या पेटीकडे नेलं. तिथे भाताऐवजी खायचा, बारीक किसलेला गोठवलेला फ्लॉवर होता.

"ह्यां काय?"

"फ्लॉवरचा भात."

"बरो. मगे भाताचो फ्लॉवर खंय आसा? तो घेवया, माका आवडता."

तरी मी हरले नाही. लो-कार्ब पीठ घेतलं, फ्लॉवरचा भात घेतला आणि बिनसाखरेच्या चॉकलेटचे मोठे डबे घेतले. घरात त्या वेळी सकाळी आणलेल्या बांगड्यांची टोपली होती, कोंबड्यांची अंडी होती, पडवीत नारळांची रास होती. त्यांत साखर किती असते हे बघावं असं मला एकदाही वाटलं नाही. त्यांना पाकीट नव्हतं ना!

घरी येऊन त्या पिठाची भाकरी करायला घेतली. ते पीठ थापलं की चिरायचं आणि लाटलं की लाटण्याला मिठी मारायचं. कशीबशी एक भाकरी तव्यावरून उतरवली. ह्यांनी ती हातात घेतली, वाकवली, सोडली. ती पुन्हा सरळ झाली.

"ही माका दी गो. भिवाच्या इंजिनाक गॅस्केट व्हया होता, बरी बसात."

फ्लॉवरच्या भातावर बांगड्याची कढी ओतली तर फ्लॉवर उठून पोहायलाच लागला. आमचा मुलगा निखिल (हा कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनीअर आहे आणि मुळात फार गुणी मुलगा आहे) ताटाकडे बघून नम्रपणे म्हणाला, "आये, माका आज भूक नाय," आणि फेरफटका मारायला गेला. हा फेरफटका पुढे रोजचाच झाला. शेजारी कुणाकडे काय शिजलंय ते मला त्याच्या शर्टाच्या वासावरून कळायचं.

पण चॉकलेट! चॉकलेट मात्र खरंच छान होतं. अगदी साखरेसारखं गोड, आणि साखर शून्य. ह्यांच्यासारख्या टीकाकारानंसुद्धा एक तुकडा चघळला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. माझा विजय झाला होता.

नेमकं त्याच सुमाराला निखिलचं लग्न जुळत आलं होतं. मुलगी सावंतवाडीची. मानसी तिचं नाव. औषधनिर्माणशास्त्र शिकलेली, तिथल्याच एका औषधांच्या दुकानात काम करणारी. आम्ही जाऊन तिला बघून आलो होतो. सगळ्यांदेखत निखिलनं तिला एकच प्रश्न विचारला होता, "इकडे पाऊस कसा असतो?" आणि ती म्हणाली होती, "तिकडच्यासारखाच." तरीही दोन्ही बाजूंना पसंती होती. आता राहिलं होतं फक्त त्यांनी येऊन आमचं घर बघणं.

पण मला धास्ती होती ती मुलीच्या आईची. ती निवृत्त मुख्याध्यापिका! मी जन्मभर मुख्याध्यापिकांसमोर थरथरत आलेली बाई. त्यात तिचं मराठी असं की बोलताना अनुस्वारसुद्धा ऐकू यावा. सावंतवाडीला पेढ्यांचं ताट फिरलं तेव्हा तिनं हात आडवा धरला होता, "मला साखरेचा विकार आहे." मी तिथेच मनात ठरवून टाकलं. ह्या बाईला आपण असं काही गोड खायला घालायचं की तिनं आयुष्यभर आपलं नाव काढलं पाहिजे.

(ती काढते. अजून काढते.)

ते यायच्या आदल्या दिवशी मी चॉकलेटचे सगळे डबे वितळवले. त्यात सुकं खोबरं घातलं, बदाम घातले आणि चांगले टपोरे लाडू वळले. परात भरली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलीचे वडील अगदी देवमाणूस, हसतमुख, खाण्याचे शौकीन. आई इस्त्रीच्या साडीत. मानसी शांत. मी परात पुढे केली.

"क्षमा करा, मला गोड चालत नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"चालतं!" मी म्हणाले. ह्याच क्षणासाठी तर मी जगत होते! "ह्यात साखर नाही. गूळ नाही. मध नाही. कितीही खा!"

त्यांनी एक लाडू उचलला, कडेनं चाखला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता ह्या मला प्रमाणपत्र देतात. "अप्रतिम!" त्या म्हणाल्या आणि दुसरा घेतला. किती वर्षांनी बिचारीला पोटभर गोड मिळत होतं! वडिलांनी तर मोजणंच सोडलं. आमचे हे त्यांना सोबत म्हणून खात होते. मी आग्रह करायचा म्हणून खात होते. निखिल, "माका भूक नाय," म्हणाला (सकाळीच कुणाकडे तरी घावणे झाले होते, शर्टाला वास होता).

मानसीनं मात्र अर्धा लाडू खाऊन हळूच विचारलं, "काकी, ह्यात गोडी कशाची आहे? माल्टिटॉल तर नाही ना?"

"छे गं! मॉल्टी-बिल्टी काही नाही!" मी तिला थांबवलं. "अगदी सात्त्विक!"

पोरीनं एकदा आईकडे बघितलं, एकदा वडिलांकडे. वडील चौथ्यात दंग होते. घर बघायच्या कार्यक्रमात मुलीनं तरी किती बोलायचं? तिनं उरलेला अर्धा लाडू बशीत ठेवला आणि रुमालानं बोटं पुसली.

जेवणं झाली. वर पुन्हा लाडू झाले. मग ह्यांनी जाहीर केलं, "चला, तुमका होडीतसून डॉल्फिन दाखयतंय."

होडी ह्यांच्या मित्राची, पण इंजिन ह्यांनीच नीट केलेलं, त्यामुळे सुकाणूवर हेच बसले. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथवर आम्ही मजेत गेलो. मुलीचे वडील, "वा! वा!" करत होते. विहीणबाई मला खाडी, मुख आणि संगम ह्यांतला भेद समजावून सांगत होत्या. मी मान डोलवत होते. (मी चौथीला भूगोल शिकवते.) मग ह्यांनी इंजिन बंद केलं.

"आता सगळी गप रवा. डॉल्फिन आवाजाक भियतत."

शांतता पसरली. पाणी संथ होतं. आणि त्या शांततेत आवाज आला, "गुर्रर्रर्र."

ह्यांच्या कपाळाला आठी पडली. "इंजिन बंद केलंय ना मी? मगे ह्यो आवाज खंयसून येता?" असं म्हणत त्यांनी चक्क इंजिनाला कान लावला. पुन्हा आवाज आला. तो इंजिनातून नव्हता. तो मुलीच्या वडिलांमधून होता. त्यांनी पटकन आकाशाकडे बघत खोकल्यासारखं केलं. तेवढ्यात दुसरा आवाज आला, किनऱ्या पट्टीतला. विहीणबाईंनी पर्स पोटाशी घट्ट धरली. तिसरा माझा! आणि चौथा थेट सुकाणूवरून. आता होडीत चार इंजिनं चालू होती आणि जे चालू असायला हवं ते बंद होतं.

पण कबूल कोण करणार? पहिल्याच भेटीत?

"मला वाटतं, ऊन फार झालं," विहीणबाई म्हणाल्या. आकाशात ढग होते.

"माझीसुद्धा एक मीटिंग आहे," वडील म्हणाले. ते निवृत्त होते.

"डॉल्फिन काय, परत कधीही बघता येतील," मी म्हणाले.

डॉल्फिन त्याच वेळी होडीच्या अगदी बाजूला वर आला. त्याच्याकडे फक्त निखिल आणि मानसी बघत होती.

ह्यांनी इंजिन सुरू केलं आणि होडी अशी हाणली की आम्ही सगळे मागे कलंडलो. नेहमीचा रस्ता वळसा घालून जातो. पण माणसाच्या पोटात कळ आली की त्याला वळसा दिसत नाही. हे सरळ निघाले. ओहोटी सरत आली होती. खाडीत ओहोटीला वाळूचे दांडे वर येतात, हे देवबागमधल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. होडी खर्रकन वाळूवर चढली आणि तिरकी होऊन बसली.

मग विहीणबाईंचं ते शुद्ध, अनुस्वारासकटचं मराठी एकदम गळून पडलं आणि आतली खरी सावंतवाडी बाहेर आली.

"अरे देवा! माका खाली उतरवा! आधी उतरवा माका! माका आता थांबूक जमाचा नाय!"

पाणी गुडघ्याएवढंच होतं. निखिलनं त्यांना हात दिला. मुख्याध्यापिका इस्त्रीची साडी गुडघ्यापर्यंत खोचून, चपला हातात घेऊन खाडीतून निघाल्या. मागे पँट दुमडलेले वडील, मागे मी, मागे हे. शेजारून लांबट फुग्याच्या होडीवर बसून पर्यटक चालले होते. त्यांनी आमच्याकडे बघून आनंदानं हात हलवले. त्यांना वाटलं, आम्हीही मजा करतोय!

"होडी कोण सांभाळताला?" हे धावता धावता ओरडले.

"मी थांबतंय, बाबा," निखिल म्हणाला.

"मीपण थांबते," मानसी म्हणाली. "एकट्याला ढकलता येणार नाही."

किनाऱ्यावर सगळ्यांत जवळचं घर शालिनीवैनीचं. ती पर्यटकांना खोल्या देते, आणि अंगणाच्या कडेला तिचं एकच बाहेरचं न्हाणीघर-संडास आहे. त्याचं दार बंद होतं. आत कुणी पर्यटक अंगावरची वाळू धूत होता आणि गाणं म्हणत होता. सगळी कडवी म्हणत होता!

शेवटी दार उघडलं. आणि आता मोठाच पेच पडला. वरमाई म्हणून पहिला मान माझा. पण घरी आलेली पाहुणी म्हणून मान तिचा. आम्ही दोघी बायका घामाघूम होऊन उंबऱ्यावर उभ्या.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणाले.

"नाय नाय, तुमी वरमाय. तुमचो मान."

"पण तुम्ही पाहुण्या."

"असां कसां, तुमीच जावा."

आमचा हा सोहळा चालू असताना आमचे हे दोघींच्या मधून शिरले आणि आतून कडी लागली.

विहीणबाईंनी दारावर मुठी आपटल्या. "ओ व्याही! ओ व्याही! भायर येवा म्हणतंय!"

आतून क्षीण आवाज आला, "इलंय, इलंय… इंजिन जरा गरम झाला हा."

पुढचं सांगण्यासारखं नाही. एवढंच सांगते की पाळी फिरून फिरून येत होती आणि मानपानाचा प्रश्न पुन्हा कुणी काढला नाही. मुलीचे वडील तर रांग सोडायलाच तयार नव्हते. बाहेर आले की ते सरळ मागे जाऊन पुन्हा रांगेला लागायचे. शालिनीवैनी मीठ घातलेलं लिंबूपाणी करून करून थकली. पर्यटक दुरून फोटो काढत होते.

दिवस कलला तेव्हा आम्ही चौघं तिच्या पडवीत, धुतलेल्या कपड्यांसारखे भिंतीला टेकून बसलो होतो. विहीणबाईंनी डोळे उघडले. पुन्हा मुख्याध्यापिका जाग्या झाल्या.

"त्या लाडवांत काय होतं?"

मी उभी राहिले. (खरंच उभी राहिले! सवयच ती.) पण उत्तर माझ्याकडे नव्हतं.

उत्तर होडीतून आलं. भरती लागून होडी मोकळी झाली होती आणि निखिल-मानसी ती घेऊन किनाऱ्याला लागली होती. मानसी ओल्या पायांनी पडवीत आली. तिनं आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटले. हसू आवरत होती.

"आई, साखरेऐवजी माल्टिटॉल घालतात. एखादा तुकडा खाल्ला तर काही होत नाही. जास्त खाल्लं की पोट सुटतं. डब्यावरही लिहिलेलं असतं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या सुपरमार्केटातली झाडून सगळी पाकिटं मी वाचली होती, सगळ्यांना नावं ठेवली होती. फक्त हाच डबा वाचला नव्हता. कारण हा मला आवडला होता!

विहीणबाई उठल्या. "चल गो, मानशे. घराक चल. जी बाय घर बघूक इल्ल्या पावण्यांचे असे हाल करता, तिच्याकडे मी माझा चेडू देवचंय नाय."

निखिल दारात पुतळ्यासारखा उभा. ह्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्यांना पुन्हा आत जावं लागलं. एका लाडवापायी माझ्या मुलाचं ठरलेलं लग्न माझ्या डोळ्यांदेखत मोडत होतं, आणि मला तोंड वर करून बोलायची सोय नव्हती.

"आई," मानसी शांतपणे म्हणाली, "आमचं ठरलं."

"काय ठरला?"

"लग्न."

"कधी?"

"तुम्ही रांगेत होतात तेव्हा."

विहीणबाई पुन्हा खाली बसल्या.

"सावंतवाडीला तुम्हा सगळ्यांसमोर ह्यांना पावसाशिवाय काही सुचलं नव्हतं," ती म्हणाली. "आज भरती येईपर्यंत आम्ही दोघंच होतो. ह्यांनी मला सगळं खरं सांगितलं. काकींचा फ्लॉवरचा भात चुकवायला हे रोज कुणाकुणाकडे जेवतात तेसुद्धा. आईचं मन न दुखवता स्वतःचं पोट सांभाळणारा माणूस मला परत कुठे मिळणार?"

मला हे पहिल्यांदाच कळत होतं असा मी चेहरा केला. पण मला पुरतं रडूही आलं नाही, कारण त्याआधी मुलीचे वडील हसायला लागले. आधी खुसखुस, मग खो-खो. "मीटिंग! माका मीटिंग म्हणे! आणि तू? तुका ऊन लागला! ढगात!" विहीणबाई रागानं त्यांच्याकडे वळल्या, ओठ आवळले, आणि मग त्यांनाही आवरेना. हसता हसता वडील एकाएकी थांबले, गंभीर झाले आणि अंगणाकडे धावले. त्यावर तर आम्ही सगळेच भिंतीला धरून हसलो.

लग्न सावंतवाडीला झालं. जेवणाचं सगळं मुलीकडच्यांनी स्वतःच बघितलं, मला स्वयंपाकाकडे फिरकायचीसुद्धा बंदी होती. पण लग्नानंतरची सत्यनारायणाची पूजा आमच्या घरी होती आणि तिथे मला कोण अडवणार? प्रसादाचा शिरा मी केला. साजूक तुपातला, केळं घातलेला, खराखुरा साखरेचा.

सावंतवाडीहून विहीणबाईंच्या घरची सगळी माणसं आली होती. आरती झाली. मी एकेकाच्या हातावर प्रसाद ठेवत गेले. प्रत्येकानं तो कपाळाला लावला, डोळे मिटले आणि हात तसाच पुढे धरून उभा राहिला. कुणी खाईना. सगळी ओळ नुसती स्तब्ध! माझा ऊर भरून आला. काय ही श्रद्धा, म्हटलं. सावंतवाडीची माणसंच वेगळी.

तेवढ्यात सूनबाई माझ्या कानाशी लागली. "आई, ती प्रार्थना करत नाहीयत. तुम्ही आधी खायची वाट बघतायत."

मग मी सगळ्यांच्या देखत शिऱ्याची एक अख्खी मूद तोंडात टाकली, गिळली, आणि देवासमोर हात जोडून उभी राहिले. विहीणबाई पुढे आल्या, माझ्या पोटाजवळ कान नेऊन त्यांनी नीट ऐकलं, आणि मागे वळून आपल्या माणसांना सांगितलं, "खावा आता. पोट गप आसा."